एक तांब्या पाणी

त्या सकाळी आम्ही दोघं ओट्यावर उन्हाला बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होतो. बडोद्यात त्यांना तुवेर म्हणतात. थंडीत बाजारात त्यांचे ढीग लागतात आणि घरोघरी बायका हेच काम घेऊन बसतात. आमच्याकडे मीही बसायचो. बायको सोलत होती आणि मधूनच एखादा दाणा तोंडात टाकत होती.

मी म्हटलं, "भाजीला काही उरू दे."

"ओला दाणा आहे हो. चघळला की तोंडाला जरा पाणी सुटतं. हा तुमच्या तांब्यात धरू नका."

"धरणारच. चार दाण्यांमागे एक घोट कमी."

"एवढा कंजूष शिपाई सरकारने ठेवला तरी कसा!" असं म्हणून तिने आणखी दोन दाणे टाकले आणि मला दाखवून दाखवून चघळले.

मग म्हणाली, "उद्या पिशवीत तांब्या टाकायला विसरू नका."

"डॉक्टर हसेल."

"हसू दे. ते लिटरमध्ये बोलतात, आपण तांब्याने पितो. समोर ठेवा आणि विचारा, असे किती. म्हणजे पुढे वाद नको."

त्या शेंगांनंतर आम्ही दोघांनी मिळून काही केलं नाही. भाजीही झाली नाही. सोललेले दाणे शेजारणीने उचलून नेले.

तांब्याचं आधी सांगतो. पितळेचा आहे, तिच्या माहेरचा. गेले काही महिने तो रोज सकाळी मी भरायचो आणि तिच्या उशाशी ठेवायचो. दिवसाचं तिचं पाणी तेवढंच. चहा, ताक, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच धरायचं. चहा दिला की तेवढं पाणी मी तांब्यातून ओतून टाकायचो, तिच्या डोळ्यांदेखत. हे माप कुठल्या डॉक्टरने घालून दिलेलं नव्हतं. मी घातलं होतं. मी सातवी शिकलेला माणूस, जन्म कचेरीत शिपाईगिरी करण्यात गेला. ज्यांनी माप घालायचं त्यांनी घातलं नाही म्हणून माझ्यावर आलं.

तिचं हृदय कमजोर झालं होतं. पाय सुजायचे, चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. त्यासाठी नदीच्या पुलापलीकडे, बडोद्यातच अकोटा भागात, हृदयाचे डॉक्टर होते. चांगले होते, हुशार होते, गर्दी मावायची नाही. त्यांनी सांगितलं, "मासी, पाणी ओछुं करो." पाणी कमी करा, छातीत भरतं. लघवी होण्याची गोळीही दिली.

त्याच सुमारास तिच्या मूत्रपिंडात खडे निघाले. वरचेवर ताप यायचा, थंडी वाजायची, लघवीला आग व्हायची. त्यासाठी अलीकडच्या बाजूला किडनीच्या डॉक्टरीण बाई. त्याही हुशार, त्याही नावाजलेल्या. त्यांनी सांगितलं, "पाणी खूब पीवानुं, मासी. पाणी ए ज दवा."

एकाने सांगितलं कमी पी, दुसरीने सांगितलं भरपूर पी. शरीर एकच होतं. घसा एकच होता.

पूर्वी आमच्या गल्लीत एक म्हातारे डॉक्टर होते. बोट मोडलं तरी तेच, ताप आला तरी तेच, मुलीच्या बाळंतपणात काय खावं तेही तेच सांगायचे. त्यांना आमच्या घरी कोण चिडकं आणि कोण लबाड हेही ठाऊक होतं. ते गेले. त्यांच्या दवाखान्यात आता चष्म्यांचं दुकान आहे. त्यानंतर आमच्या प्रत्येक अवयवाला वेगळा डॉक्टर मिळाला, आणि सगळ्या माणसाला बघणारा कोणी उरला नाही.

आता कोणी म्हणेल, तुम्ही एकाला दुसऱ्याचं सांगितलं का नाही? सुरुवातीला खरंच सांगितलं नाही. कारण बायकोचा रिवाज. तिच्या माहेरची रीत अशी की एकाच्या घरी जेवताना दुसऱ्याच्या हातच्या आमटीचं नाव काढायचं नाही. यजमानाचा अपमान होतो. लग्नाकार्यात, हळदीकुंकवात तिने हे आयुष्यभर पाळलं, आणि डॉक्टरांकडेही पाळलं. तिच्या हिशेबी डॉक्टरसुद्धा यजमानच. तो खुर्ची देतो, विचारपूस करतो, मग त्याच्यासमोर दुसरीचं नाव कशाला? आमच्या कापडी पिशवीत दोन फाइली होत्या. अकोट्याला जाताना किडनीची फाइल ती खाली घालायची, उलटी, नाव दिसू नये अशी. वर रुमाल. किडनीच्या बाईंकडे जाताना अकोट्याची खाली, वर तोच रुमाल.

हे मला दिसत होतं आणि मी हसत होतो. पण त्याच्या आत ती आणखी काय करत होती ते मला उशिरा कळलं.

मी बघायचो की काही दिवस ती तांब्यावर तांबे पाणी प्यायची, तहान नसली तरी प्यायची, आणि काही दिवस चहाचासुद्धा अर्धा कप ठेवून द्यायची, ओठ सुकून पापुद्रे निघायचे. मला वाटायचं हवेमुळे असेल, नाहीतर तिच्या लहरीने. एकदा अकोट्याहून परत येताना रिक्षा पुलावर अडकली होती. डॉक्टर त्या दिवशी खूश होते. सूज उतरली होती. "व्हेरी गुड, मासी, आवी ज रीते चालू राखो," असंच चालू ठेवा, असं म्हणून त्यांनी तीच गोळी पुढे चालू ठेवली होती. आणि रिक्षात बसल्या बसल्या बायकोने पर्समधून बाटली काढली आणि घटाघटा पिऊन संपवली. मधे श्वाससुद्धा घेतला नाही.

मी म्हटलं, "अगं, आत्ताच तर तो कमी पी म्हणाला."

"त्याचं झालं ना आता. पुढल्या आठवड्यात बाईंकडे जायचंय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? त्यांच्याकडे जाताना लघवी स्वच्छ लागते. यांच्याकडे जाताना पाय उतरलेले लागतात. ज्याच्याकडे जायचं असेल त्याचं आधी चार-सहा दिवस ऐकायचं. दोघंही खूश. कोणी रागवत नाही."

"आणि तू?"

"माझं काय? मी दोन सासवांच्या घरात नांदून निघालेय." तिला खरंच दोन सासवा होत्या, माझी आई आणि माझी विधवा काकू. "एकीला कांदा चालायचा नाही, एकीला कांद्याशिवाय जेवण जायचं नाही. तुम्हाला कधी कळलं होतं का, मी कसं भागवत होते ते?"

मला कळलं नव्हतं. पण त्या दोघी काही औषध देत नव्हत्या. हे दोघं देत होते. हिने कोरडं राहून दाखवलं की त्याला वाटायचं माझी गोळी लागू पडली. हिने पिऊन दाखवलं की बाईंना वाटायचं माझं ऐकते, खडे निघतील. दोघांनाही आपापली परीक्षा पास झालेली दिसायची, आणि इकडे हिचा एक आठवडा तहानेत जायचा, एक धापेत.

मी त्या दिवशी तिच्यावर ओरडलो नाही. मला राग आला तो तिच्यावर आलाच नाही. माणसाला पंधरा पंधरा दिवसांनी तपासता, हाताला धरून बघता, आणि तो तुम्हाला खूश करण्यासाठी तहानलेला येतो हे तुम्हाला कळत नाही?

पुढच्या खेपेला मी रीत मोडली. अकोट्याच्या डॉक्टरांसमोर किडनीची फाइल काढून ठेवली आणि सगळं सांगितलं. बायको जमिनीकडे बघत राहिली, चोरी पकडल्यासारखी. डॉक्टर तिलाच म्हणाले, "मासी, आवुं कराय? असं करतात का? सांगायला नको?" बाईंकडेही तेच. "मासी, तमे तो समजदार छो." दोघांनीही तिलाच बोल लावला. मी वाट बघत होतो की आता दोघांतला एक तरी फोन उचलेल. तर हृदयवाले म्हणाले, पाणी किती ते किडनीच्या मॅडमना विचारा, खडे त्यांचा विषय. आणि मॅडम म्हणाल्या, हृदय सोसेल तेवढं द्यायचं, आणि किती सोसेल ते हृदयवाल्या सरांना विचारा.

घरी येऊन बायकोने माझ्याशी अबोला धरला. जेवण वाढायची, बोलायची नाही. शेवटी मीच म्हटलं, "काय झालं एवढं?"

"चार माणसांत माझी लाज काढलीत."

"तीन माणसं होती."

"आणि बाहेर नंबर लावणारी मुलगी? ती दारातून ऐकत होती." मग ताट उचलताना, "आणि मिळालं काय? पाणी किती ते सांगितलं का कोणी?"

नव्हतं सांगितलं. तिचंच बरोबर होतं.

तेव्हापासून मी पुन्हा शिपाई झालो. कचेरीत माझे दोन साहेब होते, एकमेकांचं तोंड बघत नसत. खोल्या समोरासमोर, पण निरोप मी न्यायचो. हा म्हणायचा, त्यांना विचार. तो म्हणायचा, त्यांनीच ठरवावं. मला त्याची सवय होती. पण तिथे एक होतं, फाइल फार दिवस लोंबकळली की वरचा मोठा साहेब दोघांनाही बोलावून झाडायचा. मग दोघांच्या सह्या एका कागदावर यायच्या. इथे वरचा साहेबच नाही. मी पूल ओलांडून जायचो, पूल ओलांडून यायचो. याचा निरोप बाईंना, बाईंचा निरोप याला. निरोप एकच, त्यांना विचारा.

आमची मुलगी करजणला असते. ती म्हणाली, "बाबा, एकाच मोठ्या हॉस्पिटलात दाखवा ना. सगळे एका छपराखाली असतात."

छपराखाली गेलो. हृदय खाली, किडनी वर तिसऱ्या मजल्यावर, मधे लिफ्ट. दोन्हीकडे नवे डॉक्टर, दोघांनीही जन्मापासून सगळं पुन्हा विचारलं, दोघांनीही पुन्हा रक्त काढलं. खालच्याने सांगितलं पाणी कमी. मी वर जाऊन विचारलं, खाली हे सांगितलं ते तुम्हाला कळलं का? तिथली मुलगी म्हणाली, "काका, बधुं सिस्टममा छे." सगळं सिस्टममध्ये आहे. असेल. कोणी उघडून बघितल्याचं मला दिसलं नाही. वरच्याने सांगितलं पाणी भरपूर. लिफ्टमधे बायको भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "पुलापेक्षा लिफ्ट बरी. रिक्षा तरी करावी लागत नाही." आम्ही परत आपल्या जुन्या दोघांकडे आलो. ते निदान तोंडओळखीचे होते.

मग मी माप घातलं, एक तांब्या. का एक? दोन म्हटलं तर पाय सुजले, अर्धा म्हटलं तर आग झाली आणि ताप आला. असं चाचपडत एकावर थांबलो. मी काही शिकून केलं नाही, घाबरून केलं. आणि एकदा केलं की पाळलं. मी नियम पाळणारा माणूस आहे, तिला माहीत होतं. तांब्या संपला की ती मागायची नाही. नळाला पाणी आलं की मात्र उठून न्हाणीघराच्या दारात जाऊन उभी राहायची. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, "काही नाही. आवाज ऐकते."

हे मी विसरू शकत नाही.

एकदा मी एक केलं. किडनीच्या बाईंच्या खोलीत बसलो असताना त्यांच्यासमोरच माझ्या फोनवरून अकोट्याचा नंबर लावला. म्हटलं लागला की फोन यांच्या हातात देतो. यांना नाही म्हणता येणार नाही. तिकडून मुलगी बोलली, "सर अंदर प्रोसीजर में हैं. अपॉइंटमेंट चाहिए?" मी म्हटलं, किडनीच्या मॅडमना बोलायचंय. ती म्हणाली, पेशंटचं नाव सांगा, पंधरा दिवसांनंतरची तारीख आहे. बाईंनी हात वर केले. "जुओ काका," म्हणाल्या. बघा. म्हणजे मीच बघायचं.

त्यानंतर मी अकोट्याला एकटाच गेलो आणि शेवटचा पेशंट बाहेर पडेपर्यंत बाकावर बसलो. मग डॉक्टरांच्या दारात उभा राहिलो. ते निघायच्या तयारीत होते.

म्हटलं, "साहेब, मी आता जात नाही."

"काका, काय आहे?"

"तेच आहे. पाणी."

ते चिडले. मग माझ्याकडे बघून थोडे शांत झाले. म्हणाले, "नवीन रिपोर्ट काढून गुरुवारी सकाळी मासींना घेऊन या. तुमच्यासमोर मॅडमना फोन लावतो. प्रॉमिस."

"आत्ता लावा ना."

"जुन्या रिपोर्टवर बोलून काय फायदा?"

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. घरी येऊन सांगितलं तर बायकोने देवापाशी साखर ठेवली. रिपोर्ट काढले. पिशवी भरली. ह्या खेपेला कुठली फाइल वर ठेवायची यावर आमचं भांडण झालं. ती म्हणाली, घर त्यांचं, म्हणून त्यांचीच वर. मी म्हटलं, दोन्ही शेजारी शेजारी ठेव. पिशवीत शेजारी शेजारी राहत नाहीत, म्हणाली.

बुधवारी सकाळी आम्ही शेंगा सोलल्या.

टरफलं टाकायला ती उठली आणि दाराची चौकट धरून तशीच उभी राहिली. "अहो," म्हणाली, "जरा बसवा मला." मी बसवलं. ओठ काळसर झाले होते. समोरची शेजारीण धावत आली, तिनेच ॲम्ब्युलन्स बोलावली. बायको मला म्हणाली, "पिशवी घ्या." एवढंच.

जवळच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टर होता. त्याचा दोष नाही, तो धावपळ करत होता. त्याने विचारलं, "काका, मेन डॉक्टर कोण आहे यांचा?"

मी दोन्ही फाइली पुढे केल्या.

"दोघांपैकी मेन कोण?"

मी म्हटलं, "कोणी नाही. मीच."

त्याला वाटलं मला प्रश्न कळला नाही. तो आत गेला. पडद्याआडून त्याचं नर्सशी बोलणं ऐकू येत होतं. प्रेशर पडलंय, सलाईन द्यावं लागेल, पण छातीत आधीच पाणी आहे, किती देऊ? किती देऊ, तो पुन्हा म्हणाला. मी बाहेर स्टुलावर बसून ऐकत होतो. माझाच प्रश्न होता. आम्ही किती महिने तोच घेऊन पुलावरून हिंडत होतो, आणि तो आमच्या आधी आत जाऊन बसला होता.

थोड्या वेळाने तो बाहेर आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी समजलो.

आता जे सांगतो ते नीट ऐका. त्याला कागदावर मरणाचं कारण लिहायचं होतं. हृदय लिहू की किडनी लिहू हे त्याला ठरवता येईना. म्हणून त्याने माझ्यासमोर अकोट्याच्या डॉक्टरांना फोन लावला. फोन लगेच उचलला गेला. मधे मुलगी नाही, प्रोसीजर नाही, पंधरा दिवस नाहीत. मग अकोट्याचे म्हणाले, थांब, मॅडमनाही घेतो. आणि त्यांनी त्यांना त्याच फोनवर घेतलं. तिघं बोलले. इंग्रजीत बोलले, मला कळलं नाही, पण सभ्यपणे बोलत होते, एकमेकांचं ऐकून घेत होते. एकदा तिकडून हसल्याचा आवाजही आला, आणि ते हसणं तिच्यावर नव्हतं, दुसरं काही असेल. चहाचा कप संपायला लागतो तेवढ्या वेळात त्यांचं एकमत झालं. हृदय.

ज्या फोनसाठी मी लाचार झालो तो फोन असा लागला. ती जिवंत असताना तिला किती प्यायला द्यावं यासाठी कोणाला वेळ नव्हता. ती कशाने मेली यासाठी होता.

संध्याकाळच्या आत तिला नेलं. मुलगी करजणहून आली, जावई आला. आम्हाला मुलगा नाही, म्हणून सगळं मीच केलं. तुम्हाला रीत ठाऊक असेल. पाण्याने भरलेलं मडकं खांद्यावर घेऊन प्रेताभोवती फिरायचं असतं, आणि प्रत्येक फेरीला मागून दगडाने मडक्याला भोक पाडतात. धार लागते. पहिलं भोक पडलं, पाणी माझ्या पाठीवरून जमिनीवर वाहायला लागलं, आणि माझा हात आपोआप मागे गेला आणि भोकावर दाबून बसला.

गुरुजी म्हणाले, "काका, हात काढा."

मला काढता येईना.

"काढा हात. वाहू द्या. आता अडवायचं नाही."

जावयाने माझी बोटं धरून बाजूला केली. मडकं मोठं होतं. कितीतरी तांबे पाणी असेल त्यात. सगळं मातीत गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर आंघोळ केली. नळाला पाणी आलं होतं. तांब्या उशाशी तसाच होता, आदल्या दिवशीचं निम्मं पाणी त्यात होतं. ते तुळशीला घातलं, तांब्या घासला आणि पिशवीत टाकला. चपला घालताना मुलीने पाहिलं.

"बाबा, कुठे निघालात? सुतक आहे. माणसं भेटायला येतील."

"तुझ्या आईची अपॉइंटमेंट आहे."

ती रडायला लागली. तिला वाटलं माझं डोकं फिरलं. जावई माझ्यामागे गल्लीच्या तोंडापर्यंत आला, मी त्याला परत पाठवलं. डोकं फिरलं नव्हतं. गुरुवार होता. मला गुरुवारी बोलावलं होतं.

अकोट्याला नेहमीची गर्दी होती. मी बसलो. बायकोचं नाव पुकारलं तेव्हा उठलो. दारातली मुलगी म्हणाली, "काका, पेशंट क्यां छे?"

"नथी."

"पाछळ आवे छे?" मागून येतायत का?

"ना."

डॉक्टरांनी समोरच्या यादीतलं नाव वाचलं आणि वर बघितलं. "मासी?" असं म्हणाले, आणि मग त्यांना आठवलं. काल ते नावाबद्दल बोलले होते, चेहरा त्यांच्या ध्यानात आला नसेल. उठून उभे राहिले. "काका, बहु खोटुं थयुं. फार वाईट झालं. बसा."

मी बसलो नाही. तांब्या काढून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला.

"असे किती, साहेब?"

"काका, आता..."

"आता नाही, मला समजतं. ती जिवंत असताना असे किती?"

"तसं एका वाक्यात सांगता येत नाही. वजन, रिपोर्ट..."

"रिपोर्ट आणलेत. नवे आहेत. तुम्हीच सांगितले होते." मी ते समोर ठेवले. "आणि मॅडमना फोन लावतो म्हणाला होतात."

"आमचं बोलणं झालं काल."

"हो. मी तिथेच होतो."

बाहेर कोणीतरी खोकत होतं. त्यांनी रिपोर्ट ओढून घेतले, चाळले. मग तांब्या उचलला, आत डोकावून बघितलं, हातात तोलला. माणूस वाईट नव्हता. बोलायला त्यांना जड जात होतं ते मला दिसलं.

"दीड," ते म्हणाले. "दीड चालला असता."

मी विचारलं, "नक्की?"

"हो. दीडने काही बिघडलं नसतं."

मी तांब्या पिशवीत ठेवला. अर्धा तांब्या. रोजचा अर्धा तांब्या मी तिचा अडवला होता, तिच्या डोळ्यांदेखत ओतून टाकत होतो, आणि ती न्हाणीघराच्या दारात उभी राहून नळाचा आवाज ऐकत होती. विचारण्यात इतके महिने गेले, आणि उत्तर द्यायला त्यांना तांब्या फक्त एकदा हातात धरावा लागला.

मग मी दोन्ही फाइली काढल्या आणि त्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांची खाली आणि किडनीच्या बाईंची वर, नाव दिसेल अशी. रुमाल मी घेऊन आलो.